वकिली म्हणजे आधी ऐकणं

(सोलापुरात कायद्याचं शिक्षण घेणाऱ्या आणि घेऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला, ‘माझं शिक्षण आणि माझी वकिली’. या विषयावर बोलायला उभा राहिलेला माणूस बहुतेक वेळा स्वतःचं कौतुक सांगतो. गरिबी होती, कष्ट केले, आज गाडी आहे. ते मी थोडक्यात सांगणार आहे, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरची गोष्टही तीच आहे. पण मला मुख्यतः माझ्या हातून लिहिल्या गेलेल्या एका परिच्छेदाबद्दल बोलायचं आहे. चार ओळींचा परिच्छेद. मी वकील कसा झालो, याचं खरं उत्तर त्यात आहे.

आधी घरचं. वडील पॉवरलूमवर कामाला होते. आई विड्या वळायची. सोलापुरात हे सांगताना समजावून सांगावं लागत नाही. सूप मांडीवर घेऊन बसलेली आई, भिजवलेल्या पानांचा वास, कात्रीचा आवाज. आम्ही भावंडं शाळेतून आलो की विड्यांची तोंडं मिटायला बसायचो. आठवड्याला कारखान्यात माल द्यायला आईबरोबर मी जायचो. तिथे चेकर विड्या बघायचा आणि काही खराब म्हणून बाजूला काढायचा. त्या का खराब, हे आई विचारायची नाही. एकदा मी विचारलं, तर आई माझा हात दाबून म्हणाली, गप. कागदावर जो आकडा लिहिला जायचा, तोच खरा. आईचं म्हणणं त्या कागदावर कुठेच नसायचं. हे तेव्हा मला कळत नव्हतं. नुसता राग यायचा.

सातवीपर्यंत मी उर्दू माध्यमात होतो, आठवीपासून मराठीत. घरी दखनी, गल्लीत तेलुगू, बाजारात कन्नड. या शहरातल्या पोराला चार भाषा फुकट मिळतात. इंग्रजी मात्र विकत घ्यावी लागते, आणि आमच्याकडे पैसे नव्हते. बी.कॉम. कसंबसं झालं. मग इथल्याच लॉ कॉलेजात तीन वर्षांचं एलएल.बी. केलं. तेव्हा सोलापूर विद्यापीठ नव्हतं. ते २००४ साली आलं. आमची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. परीक्षेत मी चांगले मार्क मिळवले. मुस्लिम कायद्याच्या पेपरला दिनशा मुल्लांचं पुस्तक मी जवळजवळ पाठ केलं होतं. तलाकचे प्रकार, इद्दतीचा काळ, मेहेर, वारसाहक्काचे हिस्से, सगळं तोंडावर. १९९९ मध्ये सनद मिळाली. आईने शेजारी बत्ताशे वाटले.

आता त्या परिच्छेदाकडे येतो.

सनदेनंतर मी एका ज्येष्ठ वकिलांच्या ऑफिसात काम शिकायला लागलो. त्यांचं नाव घेणार नाही. त्यांनी मला पुष्कळ शिकवलंही. २००१ साली त्यांच्याकडे एक पक्षकार आला. त्याच्या बायकोने पोटगीचा अर्ज केला होता, फौजदारी संहितेच्या कलम १२५ खाली. ती आणि तिची पाच वर्षांची मुलगी माहेरी राहत होत्या. ती विड्या वळायची. अर्जावर आम्हाला लेखी म्हणणं द्यायचं होतं. सरांनी फाईल माझ्याकडे दिली आणि म्हणाले, नेहमीचा पॅरा टाक.

नेहमीचा पॅरा म्हणजे काय? तर ‘सामनेवाल्याने अर्जदारास अमुक तारखेस तलाक दिलेला आहे, सबब अर्जदार ही त्याची पत्नी राहिलेली नाही, सबब तिला पोटगी मागण्याचा अधिकार नाही.’ मी पक्षकाराला विचारलं, तलाक कधी दिलास? तो म्हणाला, भांडण झालं तेव्हा जा म्हटलं होतं. मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, अरे, आधी दिला नसेल तरी चालतं. म्हणण्यात लिहिलं की म्हणण्याच्या तारखेपासून लागू होतो.

हे सर खोटं सांगत नव्हते. आपल्याकडे अनेक वर्षं असंच मानलं जायचं. नवऱ्याने कोर्टात ‘मी तलाक दिला’ असं लिहून दिलं, तर ते लिहिणं म्हणजेच तलाक. १९८५ साली शाहबानो खटल्यात सुप्रीम कोर्टाने घटस्फोटित मुस्लिम बाईला कलम १२५ खाली पोटगी मिळू शकते असं म्हटलं. पुढच्या वर्षी, १९८६ साली, संसदेने वेगळा कायदा केला आणि घटस्फोटित मुस्लिम बाईचा रस्ता त्या कायद्याकडे वळवला. त्यामुळे ‘तलाक दिला’ एवढं लिहिणं हे नवऱ्याच्या हातातलं सर्वांत स्वस्त हत्यार झालं. एक ओळ टाइप केली की बाईचा अर्ज लंगडा.

मी ओळ टाइप केली. तारीखही टाकली. सुबक मराठीत.

मॅजिस्ट्रेटसमोर तारीख होती. म्हणणं दाखल झालं, त्याची प्रत तिच्या वकिलांना दिली. थोड्या वेळाने मी व्हरांड्यात उभा असताना ती बाई माझ्यासमोर आली. तिच्या बोटांच्या टोकांवर तंबाखूचा तोच पिवळट डाग होता, जो माझ्या आईच्या बोटांवर आहे. ती भांडायला आली नव्हती. तिने विचारलं, “वकीलसाब, मेरेकू तलाक दिये बोलके कागज में लिखे. कब दिये? मेरेकू तो किसीने बोलेच नै.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुल्लांचं अख्खं पुस्तक पाठ होतं, आणि या एका प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मी म्हणालो, तुमच्या वकिलांना विचारा.

रात्री जेवताना मी आईला सांगितलं. मला वाटलं, आई म्हणेल, तुझं कामच आहे ते. आई म्हणाली, “सही तो पूछी उने. तू क्या बोल्या फिर?” मी ताटात बघत राहिलो.

निकाल आमच्या बाजूने लागला, म्हणजे बराचसा. मुलीची पोटगी मंजूर झाली. बाईची पोटगी फक्त आमचं म्हणणं दाखल झालं त्या तारखेपर्यंत मिळाली. म्हणजे तिचा तलाक मी टाइप केलेल्या कागदाने झाला. तिच्या नवऱ्याने माझ्या हातात फी ठेवली आणि पेढेही दिले.

मे २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात तीन न्यायमूर्तींच्या पूर्णपीठाचा निकाल आला. कायद्याच्या पुस्तकांत तो दगडू पठाण खटला म्हणून ओळखला जातो. बार लायब्ररीत मी तो वाचला. न्यायालयाने म्हटलं होतं की नवऱ्याने लेखी म्हणण्यात नुसतं ‘तलाक दिला’ लिहिलं म्हणजे तलाक सिद्ध होत नाही. त्याला तो पुराव्याने सिद्ध करावा लागेल. तलाकला कारण होतं का, समेटाचा प्रयत्न झाला का, दोन्हीकडचे मध्यस्थ बसले होते का, बायकोला कळवलं का, हे सगळं दाखवावं लागेल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने शमीम आरा खटल्यात हीच दिशा घेतली.

मला धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीने. मध्यस्थांची ही अट काही न्यायमूर्तींनी आपल्या मनाने आणलेली नव्हती. नवरा-बायकोत बेबनाव झाला तर एक मध्यस्थ त्याच्या घरचा आणि एक तिच्या घरचा नेमावा, हे सूरह निसाच्या पस्तिसाव्या आयतीत आहे. लहानपणी मदरशात मी ती सूरह वाचली होती. कॉलेजात मुल्ला वाचला होता. दोन्ही माझ्या डोक्यात होते आणि त्यांची एकमेकांशी गाठच पडली नव्हती. दीन मी तिलावतीसाठी शिकलो, कायदा परीक्षेसाठी शिकलो, आणि पॅरा ऑफिसात शिकलो. त्या बाईचा प्रश्न या तिन्हींच्या बाहेर राहिला.

तिच्यासाठी मी पुढे काय केलं, असं तुम्ही विचाराल. फार काही करता आलं नाही. ज्या प्रकरणात आपण एका बाजूचं वकीलपत्र घेतलं, त्याच प्रकरणात दुसऱ्या बाजूने उभं राहता येत नाही. हा वकिलीचा नियम आहे आणि तो योग्य आहे. मी त्या निकालाची प्रत काढून तिच्या वकिलांना नेऊन दिली. ते म्हणाले, ती बाई मुलीला घेऊन भावाकडे भिवंडीला गेली, पत्ता नाही. फाईल तिथेच थांबली. ती मुलगी आता तिशीला आली असेल. माझ्या वकिलीतलं सगळ्यात मोठं देणं तेच, आणि ते फिटलेलं नाही.

मी हे तुम्हाला मन हलकं करण्यासाठी सांगत नाही. वकिलीचं शिक्षण पदवीने संपत नाही असं सगळेच म्हणतात. ते नेमकं कुठे सुरू होतं, हे मला दाखवायचं आहे. समोरच्या माणसाचं म्हणणं कागदावर जसंच्या तसं येतंय का, तिथे ते सुरू होतं. आपल्या कोर्टात उत्तराच्या कागदाला ‘म्हणणं’ म्हणतात. फार चांगला शब्द आहे. म्हणणं त्या माणसाचं असायला हवं. मी लिहिलेलं म्हणणं ना त्या नवऱ्याचं होतं, ना कोणाचं. ते साच्याचं होतं.

आपल्या आधीचे लोक काय शिकले आणि त्यांनी त्याचं काय केलं, तेही थोडं बघू. बद्रुद्दीन तय्यबजी हे नाव तुम्ही ऐकलं असेल. जन्म १८४४. आधी मदरसा, मग मुंबईची एल्फिन्स्टन संस्था, मग लंडन. डोळ्यांच्या आजारामुळे शिक्षण मध्येच सोडून घरी यावं लागलं, पुन्हा गेले आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले. मुंबई उच्च न्यायालयातले ते पहिले भारतीय बॅरिस्टर. १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लामच्या स्थापनेत पुढे होते, १८८७ मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले आणि १८९५ मध्ये न्यायमूर्ती. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. त्यांना आधी जामीन नाकारला गेला होता. तय्यबजींसमोर अर्ज आला आणि त्यांनी जामीन दिला. टिळकांचं राजकारण वेगळं, तय्यबजींचं वेगळं. पण समोर प्रश्न होता तो एका आरोपीच्या जामिनाचा, आणि त्याचं उत्तर त्यांनी कायद्यातून दिलं.

दुसरे बाबासाहेब. कोलंबिया, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन. एवढं शिकून १९२३ मध्ये ते मुंबईत वकिलीला बसले आणि परळच्या दामोदर हॉलजवळच्या ऑफिसात गोरगरिबांची गाऱ्हाणी ऐकत राहिले. १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा कर्व्यांच्या बाजूने ते उभे राहिले. संततिनियमन आणि लैंगिक शिक्षण यांवर तेव्हा उघड बोलायला लोक धजावत नव्हते. तो खटला ते हरले. हरलेला खटलाही वकिलाची ओळख सांगतो.

तिसरे आसफ फैजी. जन्म १८९९, आपल्या माथेरानचा. केंब्रिजला शिकले, बॅरिस्टर झाले, मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य १९३५ ते ३८ या काळात बाबासाहेब होते, तर १९३८ ते ४७ या काळात फैजी. मुस्लिम कायद्यावरचं त्यांचं पुस्तक आजही कोर्टात उघडलं जातं. अरबी मूळ ग्रंथ वाचू शकणारा आणि प्रिव्ही कौन्सिलचे निकालही वाचू शकणारा माणूस. माझ्या डोक्यात ज्या दोन गोष्टींची गाठ पडली नाही, ती फैजींनी आयुष्यभर बांधली. धर्माचा गाभा आणि काळाप्रमाणे बदलणारा कायदा यांत फरक करायला हवा, असं ते मांडत राहिले. मी मुल्ला पाठ केला, फैजी उशिरा वाचला. तुम्ही उलट करा.

आता मी आज कसं काम करतो ते सांगतो. यात मोठं तत्त्वज्ञान नाही.

पहिली गोष्ट, पक्षकाराला त्याच्या भाषेत बोलू देतो. बाई दखनीत बोलली तर मी दखनीतच लिहून घेतो, मग त्याचं मराठी करतो आणि तिला वाचून दाखवतो. “हेच म्हणालात ना?” असं विचारतो. दहातल्या चार वेळा ती म्हणते, नाही, असं नव्हतं. त्या चार वेळांसाठीच हा खटाटोप. सही किंवा अंगठा त्यानंतर.

दुसरी, कागद. आपल्या लोकांचे निम्मे खटले कागदांवर मार खातात. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, निकाहनाम्यावर तिसरं. कुठे अब्दुल रहीम, कुठे नुसतं रहीम, कुठे आडनावाच्या जागी वडिलांचं नाव. विडी कामगाराचं कार्ड असतं, पण त्यावर माहेरचं नाव. निकाहनाम्याची प्रत तर घरात सापडतच नाही. तुमच्या घरी आज गेल्यावर आईचा निकाहनामा कुठे आहे ते विचारा. वकील व्हायचंय ना, मग पहिली फाईल घरची.

तिसरी, खटला कमजोर असेल तर पहिल्याच दिवशी सांगतो. लोक उठून दुसऱ्या वकिलाकडे जातात. जाऊ देत. शंभर टक्के जिंकून देतो, असं सांगणाऱ्या वकिलापासून लांब राहा. निकालातून मिळणाऱ्या रकमेत हिस्सा ठरवून खटला घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, हेही लोकांना माहीत नसतं.

चौथी, नवा कायदा वाचतो, आणि जुनी माहिती घेऊन फिरणाऱ्यांना तो सांगतो. आजही बायका येतात आणि म्हणतात, तो तलाकही देत नाही, नांदवतही नाही, आणि खुलाला तयार नाही, मी अडकले. १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आहे. नवऱ्याने दोन वर्षं पोसलं नाही, चार वर्षं त्याचा ठावठिकाणा नाही, तो छळ करतो, अशा कारणांवर बाई स्वतः कोर्टात जाऊन लग्न मोडून घेऊ शकते. ऐंशी वर्षांहून जुना कायदा आणि आपल्या गल्लीत तो पोहोचलेला नाही. सप्टेंबर २००१ मध्ये डॅनियल लतिफी खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की १९८६ च्या कायद्याखालीही नवऱ्याने बाईच्या फक्त इद्दतीपुरती नव्हे, पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद करायला हवी, आणि ती इद्दतीच्या मुदतीत करायला हवी. जुलै २०२४ मध्ये तेलंगणातल्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटलं की घटस्फोटित मुस्लिम बाई कलम १२५ खालीही पोटगी मागू शकते. ते कलम आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ क्रमांकाचं आहे. माझ्या त्या ‘नेहमीच्या पॅरा’चं हत्यार आता बोथट झालंय. तरी अधूनमधून कुणीतरी तो टाइप करून आणतोच.

तुम्ही म्हणाल, सर फक्त बायकांच्या बाजूने बोलतात. तसं नाही. २०१९ च्या कायद्याने एका दमात दिलेला तिहेरी तलाक गुन्हा ठरला, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्या कायद्याखाली आरोपी झालेल्या नवऱ्यांचीही वकीलपत्रं मी घेतली आहेत. जामिनासाठी बाईचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि तिची इच्छा असेल तर मॅजिस्ट्रेटच्या परवानगीने प्रकरण मिटवताही येतं. कायद्यातच ऐकण्याची जागा ठेवलेली आहे. ती जागा वापरली तर काही घरं सावरतात. काही सावरत नाहीत. नवऱ्याचा बचाव मी करतो, तो करायलाच हवा. फक्त त्याच्या तोंडी न घडलेली गोष्ट घालत नाही.

इथे एक अवघड मुद्दा येतो. कुणाचा खटला घ्यायचा आणि कुणाचा नाही? आपल्या पोरांना हा प्रश्न दोन्हीकडून विचारला जातो. एखाद्या गंभीर गुन्ह्यात मुस्लिम मुलगा पकडला गेला, तर बाहेरचे म्हणतात, त्याचा खटला कशाला घेतला? दुसऱ्या समाजाच्या आरोपीचा घेतला, तर घरचे म्हणतात, आपल्याविरुद्ध कशाला गेलास? राज्यघटनेच्या कलम २२ मध्ये अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचावाचा हक्क आहे. २०१० साली ए. एस. मोहम्मद रफी विरुद्ध तामिळनाडू या खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की अमुक आरोपीचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही, असा ठराव कुठल्याही वकील संघटनेने केला तरी तो बेकायदा आणि रद्दबातल आहे. हा निकाल पाठ नका करू, पण लक्षात ठेवा. कधीतरी लागेल.

सोलापूरकरांना तर हे वेगळं सांगायला नको. आपण रोज चार हुतात्मा चौकातून जातो. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. मे १९३० मध्ये या शहरात मार्शल लॉ लागला होता. मंगळवार पेठेतल्या पोलीस चौकीतल्या दोन पोलिसांच्या हत्येच्या प्रकरणात या चौघांना शिक्षा झाली आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. कुर्बान हुसेन विशीतले, गिरणी कामगारांत काम करणारे, ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवणारे. हार घालताना आपण चौघांची एकी आठवतो, ते चांगलंच आहे. मी वकील म्हणून आणखी एक गोष्ट आठवतो. सरकारने या शहराबद्दल आधीच मत बनवलं होतं. सगळ्या शहराबद्दल, सगळ्या जमातीबद्दल आधीच मत बनलेलं असतं, तेव्हाच एकेका आरोपीचं म्हणणं नीट ऐकणारा वकील सगळ्यात जास्त लागतो. ही गोष्ट तेव्हाही खरी होती, आजही खरी आहे.

आता तुमच्या कामाचं. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पदवीनंतर तीन वर्षांचा. दोन्हीसाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. सनदेच्या फीची भीती घालणारे भेटतील. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की नोंदणीसाठी कायद्यात ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त घेता येणार नाही. खुल्या प्रवर्गासाठी ती ७५० रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा. तिची फी वेगळी.

इंग्रजीची लाज बाळगू नका, पण ती शिका. उच्च न्यायालयाचे निकाल इंग्रजीत येतात. खालच्या कोर्टाची भाषा मराठी आहे, आणि तिच्यात तुमची उर्दू भरलेली आहे. वकील, अर्ज, दावा, फिर्याद, जामीन, तारीख, हुकूम, कैफियत. बोर्डावरचे हे शब्द तुमच्या नानीला समजतात. जुने दस्त वाचायचे असतील तर मोडीही शिका. जमिनीच्या खटल्यात मोडी आणि उर्दू दोन्ही वाचणारा वकील आज शोधावा लागतो.

मुलींना एक सांगतो. तुम्ही मोठ्या संख्येने आलात याचा मला आनंद आहे. माझ्या ऑफिसात दोन मुली काम शिकून गेल्या. बायका मला जे सांगत नाहीत, ते त्यांना पहिल्या पंधरा मिनिटांत सांगायच्या. माझी वीस वर्षांची प्रॅक्टिस तिथे उपयोगाची नव्हती. घरी कुणी म्हणालं की कोर्ट मुलींची जागा नाही, तर सांगा की कोर्टात अर्जदार म्हणून उभ्या असलेल्या बायका मग कोणाच्या घरच्या आहेत?

आणि पैसे नसले तरी कोर्टाचं दार बंद नाही, हे लोकांना सांगा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीत असलेली माणसं यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, १५१०० हा फोन क्रमांक आहे. मोफत वकील म्हणजे हलका वकील, असा समज आहे. तो खोटा ठरवणं तुमच्या हातात आहे. तुम्ही सनद घेतलीत की त्या यादीत नाव घाला. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागलंय आणि सोलापूर त्यात आहे. पूर्वी अपिलासाठी मुंबईला जायचं म्हटलं की गरीब माणूस हातपाय गाळायचा. आता तो थोडा जवळ आलाय. त्याच्याबरोबर जाणारा वकील हवा.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. माझी आई आता विड्या वळत नाही. हातच चालत नाहीत. पण संध्याकाळी ऑफिसातून गेलो की अजून विचारते, “आज कौन आया था? क्या बोल्या?” मी काय केलं, हे ती विचारत नाही. आलेला माणूस काय बोलला, ते विचारते. इतक्या वर्षांत मला यापेक्षा चांगला प्रश्न कुठल्या सेमिनारमध्ये ऐकायला मिळाला नाही. तुमच्या टेबलासमोर उद्या कुणी बसेल. तयार साचा कॉम्प्युटरमध्ये असेलच, आता तर तो एका बटणावर येतो. टाइप करण्याआधी त्या माणसाला विचारा, तुमचं म्हणणं काय आहे? आणि तो बोलत असताना लिहू नका. आधी ऐका.